डोर्टेयाचं ‘नाही’

दोन हजार सालच्या सप्टेंबरात सगळ्या डेन्मार्कच्या अंगात आलं होतं. आपला क्रोन ठेवायचा की सगळ्यांचा मिळून असलेला युरो घ्यायचा, यावरून नवरा-बायको एका पलंगावर पाठी फिरवून झोपत होते. जर्मन सरहद्दीजवळच्या एका गावात तर खाटकाच्या दुकानात मांसापेक्षा माणसंच जास्त तापलेली.

डोर्टेयाचं मत आईच्या दुधातलं. एकोणीसशे वीस साली गाव जर्मनीकडून परत आलं, तेव्हा हातात पडलेला पहिला क्रोन आईने पदराआड धरून रडून घेतलं होतं. पुढे तीन वर्षांत पलीकडे जर्मनीत टोपलीभर मार्कांना पाव मिळेना. ते ऐकत वाढलेल्या बाईला युरोचं गाणं कोण शिकवणार? चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती गावभर ‘नाही, नाही’ करत फिरली होती, आणि आज, मतदानाच्या दिवशी, तिला ते कागदावर फुलीने मांडायचं होतं.

पण आधी केक. निकाल ऐकायला रात्री गाव सभागृहात जमणार, आणि या भागात कॉफी म्हटली की सात मऊ नि सात कुरकुरीत केक हवेतच. दुसऱ्या कोणाच्या हातचे तिला चालत नसत. शेवटचा थर सायीने लिंपला तेव्हा सात वाजून गेले होते. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा दीर आस्मुस. सफरचंदं काढताना शिडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला.

“वहिनी, मला न्यायला येणारा पुतण्या आलाच नाही,” तो म्हणाला. “एक सुचवू? तुम्हीही जाऊ नका. तुमचं ‘नाही’, माझं ‘हो’. दोघं घरी बसलो की फिटंफाट.”

आस्मुस रस्त्यावर मध विकायचा. निम्मी गिऱ्हाइकं जर्मन. त्याला युरो हवा होता.

“माझं मत तुझ्या मोडक्या पायाच्या बदल्यात?” डोर्टेया कडाडली. “मेल्या, उद्या लोक म्हणतील, डोर्टेयाचं ‘नाही’ जिंकलं, कारण दीर लंगडा होता! बूट घाल. असेल तो एक!”

तिने लाल गाडी अशी काढली की कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. आस्मुसला त्याच्या दारातून उचलून मागच्या सीटवर आडवा कोंबला, कुबड्या त्याच्या उरावर टाकल्या.

“हळू, वहिनी! मत द्यायचंय, प्राण नाही!”

“गप्प बस. आठाला दार बंद होतं.”

वळणावर मक्याची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आडवा आला. डोर्टेयाने भोंग्यावर पंजाच ठेवला.

“तो ‘हो’वाला दिसतोय,” आस्मुस मागून म्हणाला. “तुम्हाला अडवायला पाठवलाय.”

“तुझ्यासारखी माणसं तीन पैशांच्या मधासाठी राणीचं तोंड नाण्यावरून पुसणार!”

“राणीला विचारलंत का? एवढ्या ठिकाणी तोंड दाखवून तीही कंटाळली असेल.”

डोर्टेयाला हसू आलं, म्हणून तिने आणखी जोरात भोंगा वाजवला. ट्रॅक्टर बाजूला झाला, गाडी सुसाट निघाली. तिचं काळीज पोरीसारखं उडत होतं. अशी मजा नवरा गेल्यापासून आली नव्हती!

मतदान चाललेल्या शाळेच्या दारात तिने आस्मुसला काखेत धरून उंबऱ्याच्या आत लोटलं. पाहते तो त्याच्या हातात एकच कुबडी.

“दुसरी कुठाय?”

“गाडीत राहिली.”

“डोकंही तिथेच ठेवायचं होतंस!” म्हणत ती फाटकाकडे धावली. कुबडी सीटखाली अडकली होती. ओढून, उपसून, धापा टाकत ती परतली, आणि दाराला आतून कुलूप फिरलं.

काचेपलीकडे दारावरचा विलाद्स होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. डोर्टेयाने कुबडी उगारली, मग खाली घेतली. आत गाव पाठमोरं रांगेत उभं होतं; काच ठोकली असती तर सगळे वळले असते. हातापाया पडायची तिला सवय नव्हती. विलाद्सच्या मागे आस्मुस शाळामास्तरच्या खांद्यावर हात टाकून आरामात पडद्याआड निघाला होता.

तो बाहेर आला, तेव्हा ती सायकलींच्या छपराखाली उभी होती. त्याने तिचं तोंड पाहिलं, कुलूप पाहिलं.

“वहिनी... म्हणजे तुमचं—”

“कुबडी घे.”

सभागृहात रेडिओ लागला तेव्हा तिच्या हातात केक कापायची सुरी होती. तिच्या गाडीतून एक ‘हो’ वाढला होता, आणि ‘नाही’ एकाने कमी. एका मताने क्रोन गेला, तर वर गेल्यावर आईला काय सांगणार? एकेक आकडा येई, टाळ्या पडत, शिव्या पडत. मग एकदम खुर्च्या उलटल्या. देशाने ‘नाही’ म्हटलं होतं! एका मताने नव्हे, चांगलं दणदणीत.

डोर्टेयाने सुरीसकट दोन्ही हात वर केले. बायका तिच्या गळ्यात पडल्या. “तुमच्यामुळे, डोर्टेया! तुमच्यामुळे!” आनंदाने तिचे डोळे भरले, आणि त्याच आनंदात एक काटा घुसला. देशाने तिला न विचारताच जिंकून घेतलं होतं. तिच्यावाचून काहीच अडलं नव्हतं.

“मत काय, देणारच,” ती ताठ मानेने म्हणाली. “आपलं ते आपलं.”

कोपऱ्यात आस्मुस खुर्चीवर पाय पसरून बसला होता. हरलेला माणूस, पण तोंडावर सूर्य उगवलेला. कुलपाची गोष्ट त्याने पोटातच ठेवली. मग रिकामी बशी पुढे केली.

डोर्टेयाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग राय धान्याच्या काळ्या पावाच्या केकचा हातभर तुकडा कापला, आणि वर सायीचा आणखी एक डाव घातला.