होडीतली मागची जागा

त्याने काठाला पाय रेटून होडी पाण्यात ढकलली आणि ती कलंडते की काय या धास्तीने मटकन खाली बसला. पुढच्या बैठकीवरून साळुंकीने मान वळवून पाहिलं.

"लंबू, आधी पोहायला शिकून यायचं होतंस!"

हसून तिने तोंड पुढे वळवलं आणि वल्हं उचललं. लांबट, निमुळती कॅनू. एकाने पुढे बसायचं, एकाने मागे. गिरणीच्या मास्तरांनी जोड्याही तिथल्या मागांप्रमाणेच लावल्या होत्या, ज्यांचे माग शेजारी ते एका होडीत. कापडाची ही गिरणी महिनाअखेर बंद व्हायची होती, आणि मालकाला उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणजे ही तळ्यावरची सहल. आयुष्यभर राबवून घेतलं, आता म्हणे मजा करा.

दोघांची उमेदीची वर्षं त्या शेजारच्या मागांवरच गेली होती. यंत्रांच्या खडखडाटात ओरडूनही काही पोचत नसे, म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत; आवाज न काढता, तोंड मोठं करून. साळुंकी त्यात इतकी तरबेज की मास्तर पार त्या टोकाला कुणाला झापतायत ते ती इथे जसंच्या तसं ऐकवायची. तिच्या नवऱ्याचं आजारपण त्याने तिच्या ओठांवरच वाचलं होतं, आणि पुढे तो गेल्याचंही. लंबूचं स्वतःचं असं कुणी नव्हतं. आई गेल्यापासून घरात दिवा लावणारा तोच.

दूरच्या शहरातल्या गिरणीत त्याच्यासाठी एक जागा होती. मास्तरांना जेवणापर्यंत उत्तर हवं होतं.

इतर होड्या मागे पडल्या. वल्ह्यावरून गळणारं पाणीसुद्धा ऐकू यावं इतकं शांत होतं. तिची पाठ त्याच्याकडे होती, तेव्हा आज आवाजानेच बोलणं भाग होतं.

"ऐक ना," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "मला दुसऱ्या गिरणीत बोलावलंय. तू थांब म्हणालीस तर मी नाही जात. इथेच काहीतरी बघेन. आपण दोघं... म्हणजे, तुझी हरकत नसेल तर."

तिचं वल्हं जराही अडखळलं नाही.

"साळुंकी, काहीतरी बोल."

मागे न वळता तिने दूरच्या एका बगळ्याकडे बोट दाखवलं.

नाही म्हणायची ही एक रीत असते, त्याने स्वतःला समजावलं. बिचारीने आपली भीड राखली. तेवढ्यात मागच्या होडीतून मास्तर ओरडले, "अरे, उजवीकडे घ्या, गवतात घुसाल!" ती सरळच वल्हवत राहिली आणि होडी गवतात जाऊन रुतली. सगळे खो खो हसले. आपल्या बोलण्याने तिचं चित्त थाऱ्यावर नाही, असं वाटून तो ओशाळला.

जेवताना तो तिच्यापासून लांब बसला. हात धुऊन तो मास्तरांकडे गेला.

"माझं नाव कळवा, मास्तर. जातो मी."

"बघ हं, मी शब्द टाकतोय. नंतर मागे फिरायचं नाही."

"नाही फिरणार."

मास्तरांनी तिथल्या तिथे फोन लावला.

परतीला दोन बस होत्या. साळुंकी पहिलीत, खिडकीपाशी बसली होती. तिने बंद काचेवर टकटक केलं. त्याने वर पाहिलं तसे तिचे ओठ हलले, मागावर हलायचे तसेच, सावकाश आणि स्वच्छ.

"रुसलास का?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग जेवताना लांब का बसलास? होडीत तरी बोलशील असं वाटलं होतं." शेजारणीचं लक्ष नाही ना, हे तिने पाहून घेतलं. "बोलला असशील तर मला कळलं नाही रे. पाठीमागचं काहीच ऐकू येत नाही आता. कुणाला सांगू नकोस."

बस सुरू झाली, काच थरथरू लागली. तिने भुवया उंचावल्या.

"काय म्हणाला होतास?"

मागून मास्तरांचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "परवा निघायचंय हं तुला. नोकरी पक्की झाली."

त्याने तोंड उघडलं आणि आवाज न काढता, एकेक अक्षर मोठं करून म्हणाला,

"काही नाही."

तिला ते नीट कळलं. ती हसली, आणि बस वळेपर्यंत हात हलवत राहिली.