झेंड्यामागचा कीबोर्ड

हसू नका, मी एक साधा कीबोर्ड आहे आणि नगरपालिकेचा ठराव मी फिरवलाय!

कारखान्यातून निघालो तो एका बँकेत गेलो, तिथून थेट भंगारात. तिथून काकांनी मला उचललं. काका वीजमीटरचं रीडिंग घ्यायचे, आता निवृत्त. पक्षाचे एकदम कट्टर. सकाळी चहा झाला की मला बडवत 'आपलाच झेंडा' नावाचा ब्लॉग लिहायचे. पक्षाने गटार साफ केलं तरी शीर्षक 'ऐतिहासिक निर्णय!' माझं उद्गारचिन्ह पार झिजलं हो.

सुरुवातीला वाचणारा एकटा मेहुणा, तोही भिडेखातर. पण निवडणूक आली आणि ब्लॉग घरोघरी पोचला. पक्ष जिंकला. मग काय! काकांचं काहीही आलं की पक्ष कार्यालय डोळे झाकून सगळ्या कार्यकर्त्यांना पाठवायचं. काकांची कॉलर ताठ, आणि माझीही.

मग याच पक्षाने ठरवलं, वॉर्डातलं प्रसूतिगृह पाडून तिथे पार्किंग करायचं. बघता बघता ठरावावर नगरसेवकांचं मतदान उद्यावर आलं.

काकांच्या सुनेला आठवा महिना. दुसरं प्रसूतिगृह पार नदीपलीकडे. वॉर्डातल्या बायकांनी बचाव गट काढला होता, त्यात ती पुढे. म्हणाली, "बाबा, कळा सुरू झाल्या की तुमचा झेंडा धरून बसू का मी?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. तसेच माझ्यापुढे येऊन बसले. शीर्षक सवयीने पडलं, 'पक्षाचा ऐतिहासिक निर्णय!' खाली मात्र लिहिलं, 'हा निर्णय साफ चुकलाय. मी पक्षाचाच आहे, म्हणून सांगतोय. उद्या नगरपालिकेसमोर या.' शीर्षक बदलायचं राहूनच गेलं.

कार्यालयाने शीर्षक पाहिलं आणि दिलं धाडून!

दुसऱ्या दिवशी बायकांच्या मागे पक्षाचेच कार्यकर्ते झेंडे घेऊन हजर. नगरसेवकांना पळता भुई थोडी झाली. ठराव मागे!

नगराध्यक्षांचा फोन आला. "काका, अहो, आधी दाखवायचं तरी!"

"साहेब, तुम्ही वाचायचं तरी!"

नात त्याच प्रसूतिगृहात जन्मली. आज माझी तीन बटणं निखळलीत, पण वट विचारू नका. बचाव गटाच्या बायकाही आता माझ्यावरच लिहितात. तुम्हीही खुशाल बाजू घ्या, भांडा. फक्त पुढे पाठवण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनवणी.

परवा नातीने दोन्ही हातांनी मला बडवलं आणि ते तसंच ब्लॉगवर गेलं. लगेच पक्ष कार्यालयाचा फोन. "काका, याचा अर्थ काय? साहेब तीनदा वाचून बसलेत!"