रविवारची प्रयोगशाळा

आपा कापडशेठच्या दुकानाची पायरी चढल्या तेव्हा शेठ गादीवर बसून गणवेशाचं निळं कापड फाडत होते. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा कापडाकडे पाहिलं आणि उरलेलं टर्रकन फाडून टाकलं.

"शुक्रवारवाल्या बाई आज इकडे कशा वाट चुकल्या?"

"चुकले नाही, शेठ. तुमच्याकडेच आले," आपा म्हणाल्या. घरून निघाल्यापासून त्या मनातल्या मनात दुआ पढत होत्या. ती तेवढ्यात पुरी झाली. त्यांच्यामागे मौलवीसाहेब चपला काढत होते.

तिघांच्याही शाळा एकाच वस्तीतल्या. मौलवीसाहेबांची मशिदीला लागून, आठवीपर्यंतची. शेठची मुलांची, तीन मजली. आपांची मुलींची, गल्लीच्या टोकाला. आपा पूर्वी शेठच्याच शाळेत गणित शिकवायच्या. मुलींसाठी शाळा काढायची म्हणून बाहेर पडल्या आणि सुट्टी रविवारऐवजी शुक्रवारी ठेवली. ते शेठना लागलं. "म्हणजे आम्ही काय जुम्याची नमाज पढत नाही?" असं ते चारचौघांत म्हणाले, आणि तेव्हापासून लग्नकार्यात समोरासमोर आले तरी दोघं एकमेकांना ओळख देत नव्हते.

यंदा आपांनी मुलींसाठी अकरावी विज्ञानाचा वर्ग मागितला होता. शिक्षण खात्याचे साहेब खोली बघून गेले. "चार भिंती आणि एक टेबल म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, मॅडम. महिनाअखेर खरी प्रयोगशाळा दाखवा, नाहीतर मान्यता विसरा." मान्यता गेली की दहावी झालेल्या पोरी घरी बसणार. गेल्या वर्षी शाळेत पहिली आलेली मुलगी अशीच घरी बसली होती, आणि परवाच आपा तिच्या लग्नाला जाऊन आल्या होत्या.

वस्तीत खरी प्रयोगशाळा एकच होती. शेठची.

"आठवडाभर आमची मुलं असतात तिथे," आपांनी प्रयोगशाळा मागताच शेठ म्हणाले. "तुमच्या पोरींना काय रात्री बोलावू?"

"रविवारी. तुमची शाळा बंद असते, माझी चालू असते. मुलं नसली म्हणजे आयाही पोरींना पाठवतील."

शेठच्या हातातली कात्री थांबली. "आणि काचेची भांडी फोडली तर?"

"तुमच्या मुलांनी फोडायला काही शिल्लक ठेवलंय का?"

मौलवीसाहेब खोकला आल्यासारखं करून हसले. शेठना हसू आवरणं जड गेलं, पण त्यांनी आवरलं. "रविवारी शिपाई नसतो. कुलूप कोण काढणार?"

"मी काढीन," मौलवीसाहेब म्हणाले. "पहाटेची फजरची नमाज झाली की मला काय काम? दाराशी बसून राहीन."

"बरं. पण मग मान्यतेच्या कागदावर नाव माझ्या संस्थेचं. जागा माझी, सामान माझं. तुमची शाळा माझी शाखा."

 आपा पदर सावरून उठल्या. "शाखा व्हायचं असतं तर मी तुमच्याकडेच राहिले असते, शेठ. मी भीक मागायला आले नाही. तुमचे गणिताचे मास्तर सोडून गेलेत. दहावीची मुलं नुसती फळ्यावरून उतरवून घेतात, हे सगळी वस्ती जाणते. शुक्रवारी मला सुट्टी. सकाळी येऊन मी शिकवीन. तुमचा रविवार मला, माझा शुक्रवार तुम्हाला."

"ज्या शुक्रवारसाठी माझ्याशी भांडलात, तोच देताय?"

"जुमा दुपारी असतो. सकाळ मोकळी असते."

शेठ कापडाची घडी घालू लागले. नीट बसलेली घडी त्यांनी पुन्हा उलगडली. "लोक काय म्हणतील? शेठनं नमतं घेतलं."

"लोक मला जास्त म्हणतील," मौलवीसाहेब हळूच म्हणाले. "पहिल्या रविवारी माझीच धाकटी मुलगी त्या टेबलाशी उभी असेल. नाव आपल्या तिघांच्या शाळांचं लावू."

"तिन्ही नावं मावतील एवढा बोर्ड कुठून आणू?"

"बोर्ड कशाला? कापड तर तुमच्याकडेच आहे!" मौलवीसाहेब म्हणाले.

आता मात्र शेठ पोट धरून हसले. त्यांनी हो म्हटलं नाही; नोकराला तिघांसाठी चहा सांगितला. रमजान नसला तरी आपांचा त्या दिवशी रोजा होता. त्यांनी कप नुसता हातात धरला, पण पुन्हा खाली बसल्या.

तीन रविवार मुली प्रयोगशाळेत गेल्या. एक परीक्षानळी फुटली. मौलवीसाहेबांनी स्वतः काचा वेचल्या. शुक्रवारी सकाळी आपा मुलांच्या वर्गात उभ्या राहत. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी मांजराचा आवाज काढला. आपांनी त्या मांजरालाच फळ्याशी बोलावून गणित घातलं. पुन्हा मांजर ओरडलं नाही.

महिनाअखेरीला साहेब आले तेही नेमके शुक्रवारी. आपांच्या शाळेला कुलूप बघून चिडले आणि विचारत विचारत शेठच्या शाळेत पोचले. प्रयोगशाळा मुलांनी गच्च भरलेली, शेजारच्या वर्गात आपा हातात खडू घेऊन.

"मॅडम, ही तर यांची प्रयोगशाळा. तुमची कुठाय?"

आपा बोलायला गेल्या, तोच शेठ जिना चढून धापा टाकत आले.  सगळं चहावर ठरलेलं, कागद काहीच नव्हता. शेठनं आत्ता नुसतं "हो, माझी" म्हटलं असतं तरी सगळं संपलं असतं.

"साहेब, ही आमची..." शेठ थांबले. त्यांनी आपांकडे पाहिलं. "आपली आहे. तिन्ही शाळांची. रविवारी मुलींची पाळी. लिहून देतो, आणा कागद."

"आणि या इथे गणित शिकवतात?"

"शिकवतात कसल्या, वळण लावतात. आमच्या पोरांना आता अपूर्णांक यायला लागलेत."

साहेब प्रयोगशाळेत एक चक्कर मारून आले. शेठनं लिहून दिलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. "एक वर्षाची तात्पुरती मान्यता देतो. अशी व्यवस्था मी कुठे पाहिली नाही, पण नियमाविरुद्ध आहे असंही नाही."

"पुढच्या वर्षी अकरावीच्या याच मुलींना बारावी लागेल, साहेब," आपा हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचा अर्ज आजच घेता का?"

"अहो बाई, त्यांना दम तरी खाऊ द्या!" शेठ म्हणाले.

"अर्ज घेऊन मग खातील की."

साहेबांनी निमूट हात पुढे केला. वर्गात गोंगाट वाढला होता, आणि जुम्याला अजून पुष्कळ वेळ होता. आपा खडू घेऊन आत वळल्या.