रुख्माबाईंच्या लेकीचं विमान

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. बिरसी गावच्या शाळेत कपाटावर बसून मला बरीच वर्षं झाली. कारखान्यात माझ्या पोकळ अंगावर नकाशाच्या बारा पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा मी निळाशार चमकत होतो. शाळेत आलो त्या वर्षी मला फिरवायला मुलांची रांग लागायची. पुढे माझा दांडा तुटला, आफ्रिकेला पोचा पडला आणि मी कपाटावर गेलो. तिथे पालीनं अंडी घातली. खाली कोणी माझं नाव काढत नव्हतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुख्माबाईंची मुलगी पुष्पांजली नर्सच्या नोकरीसाठी कॅनडाला निघाली होती. दिल्लीहून टोरांटोचं विमान. तिकिटावर लिहिलं होतं, सुटणार पहाटे तीन, पोहोचणार सकाळी आठ.

आठ वाजले. नऊ, दहा वाजले. फोन नाही. खिचडी करपली. रुख्माबाई भूपेंद्र गुरुजींच्या वर्गात धावत आल्या.

"गुरुजी, पाच तासाचा रस्ता. माही पोरगी अजून पोचून नाही राहिली. फोन बी बंद. काही झालं तर नाही ना जी?"

बिरसीच्या आकाशात जवळच्या धावपट्टीवरची वैमानिकांना शिकवणारी विमानं रोज घिरट्या घालतात आणि तासाभरात उतरतात. रुख्माबाईंना विमान म्हणजे तेवढंच ठाऊक होतं.

गुरुजींनी आधी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, मग कपाटाकडे. स्टुलावर चढून त्यांनी मला खाली घेतलं, बाहीनं पुसलं. कितीतरी वर्षांनी मला माणसाचा हात लागला!

तांदळाच्या पोत्याची सुतळी त्यांनी माझ्या पोटाभोवती गुंडाळली. "हा पृथ्वीचा पूर्ण फेरा. चाळीस हजार किलोमीटर." मग तीच सुतळी दिल्लीपासून टोरांटोपर्यंत ताणून धरली. फेऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून ती दोन बोटं जास्त भरली.

"चौथा हिस्सा दहा हजार, त्यावर ही दोन बोटं. म्हणजे साधारण अकरा हजार सहाशे. तासाला आठशेनं गेलं, तरी साडेचौदा तास."

रुख्माबाईंचं लक्ष मात्र सुतळीकडे होतं. ती समुद्रावरून सरळ पश्चिमेला न जाता रशियावरून वर चढली होती आणि उत्तर ध्रुवाच्या बर्फाजवळून कॅनडात उतरत होती.

"तिले बर्फात काऊन नेऊन राहिले?"

"नकाशा सपाट असतो, रुख्माबाई. पृथ्वी गोल आहे. गोलावर हीच वाट जवळची."

"मंग तिकिटावर आठ कायले लिहिले?"

गुरुजींनी मला खिडकीतल्या उन्हात हळूच फिरवलं. भारत सावलीत सरकला आणि कॅनडा उजेडात आला. "ते तिथले आठ. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजतील."

रुख्माबाईंनी मला स्वतःच्या हातानं फिरवून पाहिलं. एकदा नाही, चार वेळा. मग त्या खाली बसल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा पाणी प्यायल्या.

शाळा सुटली तरी दोघंही थांबली. सहाला दहा कमी असताना फोन वाजला.

"आई, उतरली मी."

"तुह्या इथं सकाळ हाय ना?"

"तुले कसं माहीत?"

रुख्माबाई हसता हसता रडल्या.

आता मी टेबलावर असतो. दुसऱ्या दिवशी फोडणी देता देता रुख्माबाई आल्या आणि हळदीचं बोट टोरांटोवर ठेवून गेल्या. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर जरूर पुसा. माझा दांडाही कोणी जोडून द्या. तो पिवळा डाग मात्र राहू द्या.