भस्माच्या रेघा

मुरबे गावाच्या किनाऱ्यावर त्या दिवशी बोंबलांपेक्षा माणसंच जास्त होती. मनोरहून आलेले भस्मवाले महाराज पांगळ्यांना चालवणार होते. मी गर्दीत उभी होते. मी मेंदूची डॉक्टर. कंपवातावर संशोधन करण्यात निम्मं आयुष्य गेलं आणि तो बरा करणारं औषध अजून सापडलेलं नाही. त्यामुळे चमत्काराचं ऐकून मला हल्ली रागसुद्धा येत नाही. पण समोर बसलेले धर्माजी माझे कंपवाताचे पेशंट होते. त्यांच्या बायकोने, जयवंतीबाईंनी, महाराजांच्या सांगण्यावरून त्यांच्या गोळ्या बंद केल्या होत्या. सकाळी फोनवर म्हणाल्या, "पेजपण गिळवत नाय आता." म्हणून आले.

"डॉक्टरांनी याचे पाय गोळ्यांनी बांधलेत," महाराज माईकवरून सांगत होते. "जिथे मशिनी हरल्या तिथे आपली राख जिंकते. कोणाला शंका हाय?"

शंका कोण काढतो? बुवा बोलू लागला की आपल्याकडे माना आधी डोलतात.

मासळी सुकवायच्या सिमेंटच्या ओट्यावर धर्माजींना उभं केलं. पाय जागचे हलेनात. महाराजांनी मंत्र पुटपुटत त्यांच्यापुढे पावला-पावलाच्या अंतरावर भस्माच्या आडव्या रेघा ओढल्या. "चल, धर्मा." धर्माजींनी पाय उचलला, पहिली रेघ ओलांडली, मग दुसरी, आणि थेट टोकाला पोचले. नारळ फुटले, बायकांनी डोळे पुसले.

अशाच पट्ट्या मी प्रयोगशाळेच्या फरशीवर वर्षानुवर्षं चिकटवत आले होते.

जयवंतीबाई सांडलेलं भस्म पदरात भरत होत्या. "मागल्या खेपेचंपण नेलेलं. कपाळाला लावते, दंडाला बांधते. पण घरी येक पाऊल टाकत नाय. महाराज म्हंतात, गोळ्यांचं विष उतरलं नाय."

"जाळ्याची जुनी दोरी आहे?" मी विचारलं.

दोरीचे तुकडे करून मी ओट्याच्या रिकाम्या बाजूला आडवे टाकले. मंत्र नाही, काही नाही. "धर्माजीभाऊ, दोरी ओलांडा." ते चालले. मग मी दोऱ्या उचलल्या आणि पदरातलं भस्म त्यांच्या कपाळभर फासलं. आता चालेनात.

"या आजारात आपोआप चालणं मोडतं," मी म्हणाले. "ओलांडायला काही दिसलं की मेंदू दुसरी वाट काढतो. गुण रेघेचा आहे, राखेचा नाही. आणि गोळ्या एकदम तोडल्या तर अंग ताठतं, ताप चढतो, माणूस दगावतो."

"तुमच्या गोळ्या बरं करतात?" जयवंतीबाईंनी विचारलं.

"नाही."

महाराज हसले. लोकही हसले. मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

जयवंतीबाई मात्र हसल्या नाहीत. "हा बरं करतो म्हंतो, नि घास बंद झाला. तुमी नाय म्हंता, नि घास जात होता." त्या पुतण्याकडे वळल्या. "चिराग, रिक्षा आण."

दवाखान्यात नळीने औषध सुरू केलं. पुढच्या आठवड्यात धर्माजी घरी पेज प्याले. मी गेले तेव्हा खाटेपासून मोरीपर्यंत आडव्या पांढऱ्या रेघा होत्या.

"चुना?"

"भस्मच. घरात पडलेलं, वाया कशाला घालू?"

धर्माजी त्यावरून हळूहळू मोरीकडे गेले. आजार आहे तिथेच आहे, वाढणारही आहे. पण कोणी तुमच्यासमोर चमत्कार केला, तर तोच महाराजांशिवाय करून बघा. आणि बघून होईपर्यंत गोळ्या बंद करू नका.