शेवट सांगायचा नाही

ताईचा नवरा विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचा. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी झाडावर आदळली, की साहेब तिथे हुंगत जाणार आणि आग आधी लागली की विमा आधी उतरवला, हे शोधून काढणार. ऑफिसात त्यांना चौकशीसाहेब म्हणत. ते नाव त्यांना इतकं आवडलं होतं की घरी येऊन कपडे बदलले तरी नाव तेवढं अंगावर राहायचं. दूध नासलं तरी त्यात कुणाचा तरी हात असल्याचा त्यांना संशय यायचा.

एवढंही चाललं असतं. पण साहेबांना रहस्यपट बघायची हौस, आणि ताईलाही तीच. थिएटरात दिवे मालवले, पडद्यावर बंगला दिसला, प्रेत पडलं, की साहेब ताईच्या कानाशी लागत आणि इंटरव्हलच्या आत सांगून मोकळे होत, "पुतण्या." मग पुतण्याच निघायचा. त्यांची रीत साधी होती. ज्या नटाचं नाव मोठं आणि काम लहान, तो खुनी. एवढा मोठा नट नुसता ट्रे धरून उभा राहायला कोण आणील? रीत सहसा चुकायची नाही, हेच तर दुखणं होतं. चुकली असती तर ताईने नवऱ्याला आनंदाने माफ केलं असतं. साहेबांच्या मते मात्र ही बायकोची सेवा होती. तिचा जीव उगाच टांगणीला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा. जीव टांगणीला लागावा म्हणूनच ती तिकीट काढते, हे त्या चौकस डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं.

म्हणूनच चौकातल्या जुन्या थिएटरवर 'त्या' सिनेमाचं पोस्टर पुन्हा लागलं, तेव्हा ताईने घरात ब्र काढला नाही.

तो सिनेमा तिने कॉलेजात असताना ह्याच थिएटरात पाहिला होता. म्हणजे पाऊण पाहिला होता. टेकडीवरचा बंगला, अभ्यासिकेत मरून पडलेला मालक, बंद पडलेलं घड्याळ आणि वादळामुळे अडकलेले पाहुणे. शेवटी गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करतो, काठी टेकत एकेकाच्या खुर्चीमागून फिरतो आणि म्हणतो, "खुनी ह्याच खोलीत आहे." नेमकी त्याच वेळी ताईच्या धाकट्या बहिणीला उलटी झाली आणि दोघींना बाहेर पडावं लागलं. तेव्हापासून तो गुप्तहेर ताईच्या डोक्यात त्या खुर्च्यांमागून फिरतोच आहे.

तेव्हा थिएटरच्या दारावर पाटी असायची, 'शेवट कुणालाही सांगू नये'. बरेच लोक ती पाळायचे. न पाळणाऱ्यांपासून ताईने स्वतःला जपलं होतं. एका लग्नात कुणा मावशीने "त्यात ना, शेवटी तो" एवढं म्हटलं आणि ताई भरलं ताट सोडून हात धुवायला पळाली. टीव्हीवर सिनेमा दोनदा लागला. दोन्ही वेळा तिने साहेबांना माळा झाडायला वर चढवलं आणि खाली टीव्हीची पिन काढून ठेवली. तसाही घरी बघण्यात काही अर्थ नव्हता. घरी खुनी बोटाएवढा दिसतो आणि ऐन मोक्याला कुकर शिट्टी देतो. मोठ्या पडद्यावर संशयिताचा एकेक डोळा दरवाजाएवढा असतो, आणि तो जरासा लवला की अंधारातल्या सगळ्या अनोळखी माणसांचा श्वास एकदम अडकतो. ताईला तो अडकलेला श्वास हवा होता. एकदा तरी, शेवटपर्यंत, आणि कानाशी कुणी न कुजबुजता.

"उद्या दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय," ती जेवताना म्हणाली. "डोळ्यांत औषध घालून बसवून ठेवतात. धाकटी येणार आहे सोबत, तुम्ही नका सुट्टी मोडू."

"बरं," साहेब म्हणाले.

थाप बिनतोड होती. धाकटीला फोनवर पढवून ठेवलं होतं. ताईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे उद्या बंद असल्याची पाटी लावून झाली. दुसऱ्या दिवशी ती हौसेने तयार झाली, सवयीने डोळ्यांत काजळ घातलं, भर उन्हाळ्यात खुंटीवरचा स्वेटर काढून पिशवीत टाकला आणि निघाली. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, ह्याचंच तिला बरं वाटलं.

सिनेमा आठवत होता त्याहून चांगला होता. पहिल्या भागात ती खुर्चीच्या टोकावरच बसली होती. इंटरव्हलला पॉपकॉर्न घ्यायला बाहेर आली, तेव्हा खांबाआड तिला वर्तमानपत्र दिसलं. वर्तमानपत्राखाली पँट, आणि पँटच्या पायाला तिच्याच हातची शिलाई. गेल्या पावसाळ्याआधी तिनेच ती पँट दोन बोटं लांब करून दिली होती. आपला टाका कोण विसरेल?

आले शेवट सांगायला, असं तिच्या मनात आलं. पण वर्तमानपत्राच्या कडेवरून ते पोस्टरकडे बघत नव्हते. बाहेर उभ्या असलेल्या एकेका पुरुषाकडे बघत होते. गोरा, काळा, टकला, पोट सुटलेला, कुणालाही सोडत नव्हते. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की नवऱ्याला आपला संशय आलाय.

आधी तिला हसू फुटलं. ह्या वयात, ह्या गुडघ्यांनी, आणि कुणासाठी? मग तिने त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि हसू विरलं. एवढंसं तोंड झालं होतं त्यांचं. तिला खरोखर वाईट वाटलं. जाऊन सांगावं, अहो, सिनेमा बघायला आलेय, दुसरं काही नाही. ती दोन पावलं पुढे गेलीही.

आणि थांबली. साहेबांचा जीव भांड्यात पडला की त्यांचं तोंड सुटायचं, हा तिचा अनुभव होता. आता हे शेजारी येऊन बसणार, हुश्श म्हणणार, आणि त्याच श्वासात खुनी कोण ते सांगणार. त्यांचा जीव भांड्यात पडला, की तिचाही टांगणीवरून उतरणार होता. आजवर तिचाच दर वेळी उतरवला गेला होता. आज तो टांगलेलाच राहू दे, आणि त्यांचाही राहू दे, असं ठरवून ताई पाठ फिरवून आत गेली.

तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच बसले होते, कानात ऐकण्याचं यंत्र लावून. ताईने पॉपकॉर्नचा पुडा पुढे केला. "घ्या ना."

त्यांनी मूठभर घेतले. मागे कुठेतरी एक खुर्ची करकरली. ताईला स्वतःची लाज वाटली. थोड्या वेळाने तिने पुडा परत पुढे केला, कारण मागचा माणूस कामात राहिला तरच तिला सिनेमा बघता येणार होता.

आणि मग गुप्तहेर काठी टेकत खुर्च्यांमागून फिरू लागला. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. "खुनी ह्याच खोलीत आहे," तो म्हणाला, आणि ह्या वेळी कुणाला उलटी झाली नाही. काठी थांबली. ज्याच्यामागे थांबली त्याच्यावर ताईचा संशय एकदाही गेला नव्हता, आणि आता आठवून पाहिलं तर पहिल्या प्रसंगापासून तोच समोर उभा होता. अडकलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला. ताईच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं.

दिवे लागले तेव्हा साहेब रांगेच्या तोंडाशी उभे होते. "हे कोण?"

"काय म्हणालात?" म्हातारे गृहस्थ कान पुढे करून म्हणाले. "जरा मोठ्याने बोला."

साहेब मोठ्याने बोलले नाहीत.

घरी जाताना त्यांनी सगळे पुरावे मांडले. डोळ्यांत औषध घालायला निघालेली बाई काजळ कशाला घालते? उन्हाळ्यात स्वेटर कशाला नेते? आणि धाकटी तर येताना वाटेतच दिसली, तिच्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना.

"सगळे पुरावे सिनेमाचेच होते की," ताई म्हणाली. "दुसऱ्या पुरुषाला भेटायला कोण स्वेटर घेऊन जातं?"

साहेबांनी वर्तमानपत्राची घडी काखेत मारली. "इंटरव्हलला मी दिसलो होतो ना तुला?"

"दिसला होतात."

"मग बोलली का नाहीस? माझं काय झालं असेल तिकडे?"

"बोलले असते तर तुम्ही खुनी सांगितला असता."

साहेब रस्त्यातच उभे राहिले. रागावतील असं तिला वाटलं. पण त्यांचा चेहरा दुकानात चुकून भलतंच माप दिलेल्या गिऱ्हाइकासारखा झाला.

"मी पडद्याकडे बघितलंच नाही गं," ते म्हणाले. "पहिल्यापासून तुझ्याकडेच बघत होतो."

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने पहिल्यांदाच अख्खा सिनेमाभर फक्त तिच्याकडे पाहिलं होतं, आणि तेही तिच्या पाठीकडे. तिला त्यांची कीव आली, आणि लपवायचं कशाला, बरंही वाटलं.

"कोण होता?" साहेबांनी विचारलं.

"सांगायचं नाही असा नियम आहे."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते म्हणाले, "डॉक्टर?" ताईने चहा गाळला. नाश्त्याला म्हणाले, "सेक्रेटरी?" ताईने बशी पुढे सरकवली. कुणाचं नाव मोठं आणि कुणाचं काम लहान, हेच पाहिलेलं नसल्यामुळे त्यांची रीत आज पार लंगडी पडली होती.

दुपारी ते कपडे करून दाराशी आले. "जरा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येतो," ते दुसरीकडेच बघत म्हणाले.

ताई उंबऱ्यात उभी राहिली. खुन्याचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर होतं. सगळ्या पुतण्यांची, सेक्रेटऱ्यांची आणि विधवांची भरपाई त्या एका शब्दात झाली असती. साहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते, आणि त्यांच्या बोटांना घाई झाली होती.

तिने शब्द गिळला आणि खुंटीवरचा स्वेटर काढून त्यांच्या हातात दिला.

"आत गारठा असतो," ती म्हणाली. "आणि शेजारी कुणी कुजबुजायला लागलं, तर उठून दुसरीकडे बसा."