सात मिनिटं आणि एक करडी वायर

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तिसरा मजला, मागची खोली, भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा. वीज गेली. घरात एकच माणूस होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

मी त्या कप्प्यातला यूपीएस बोलतोय. चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा. वीज गेली की पोटातल्या बॅटरीतून काही मिनिटं वीज द्यायची, तेवढ्यात माणसांनी आवराआवर करायची, असा आमचा करार. माझ्या बाजूने मी तो नऊ वर्षं पाळतोय. थकलोय, पण पाळतोय.

माझी पहिली नोकरी एका दैनिकाच्या कचेरीत झाली. वार्ताहरांच्या टेबलाखाली पाच वर्षं काढली, लाथा खाल्ल्या, सांडलेला चहा अंगावर घेतला. तिथले वृत्तसंपादक एकच गोष्ट ओरडून सांगायचे. "'चूक झाली' म्हणजे काय रे? कोणी केली ते लिही!" ते माझ्या पत्र्यात कायमचं भिनलं. पुढे दैनिक बंद पडलं. पानं लावणारा एक जण जाताना मला काखेत मारून घरी घेऊन आला. तोच या घरातला मुलगा. आता तो एका छापखान्यात जातो.

त्याने मला कपाटात ठेवलं आणि वरच्या कप्प्यात सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे घरचे फोटो, कागदपत्रं सांभाळणारा एक छोटा संगणक. रात्रंदिवस चालू, स्वभावाने शांत, पण एका बाबतीत फार नाजूक. काम चालू असताना वीज अचानक तुटली, तर हातातलं काम जातंच, कधी कधी जुनंही जातं. म्हणून आम्हा दोघांना जोडणारी एक करडी वायर होती. वीज गेली की तिच्यातून मी त्याला कळवायचो, बाबा रे, फार वेळ नाही, आवर. मग तो सगळं जागच्या जागी ठेवून आपोआप बंद व्हायचा. कोणी घरी असो वा नसो.

सर्व्हरमध्ये फोटोंपेक्षा मोलाचं काहीतरी होतं. आजोबांचा आवाज.

आजोबा म्हणजे मुलाचे वडील. एकतीस वर्षं बस स्थानकावर निवेदक होते. गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे सगळ्या गावाने त्यांच्याच तोंडून ऐकलं. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेच्या आधीचे तीन आठवडे आजोबा याच खोलीत माइकसमोर बसले. नातीसाठी, तिला सगळे चिमणी म्हणतात, गोष्टी सांगितल्या. जुन्या घोषणा म्हणून दाखवल्या. मुलाने हट्टाने दोन शिव्यासुद्धा भरून घेतल्या. सगळे मिळून एकशे बारा तुकडे.

"याची दुसरी प्रत काढून ठेवा हो," सूनबाई म्हणाली.

"रविवारी काढतो," मुलगा म्हणाला.

असे एकवीस रविवार गेले.

शस्त्रक्रियेनंतर घर एकदम दबक्या पावलांनी चालायला लागलं. दाराची बेल काढली. टीव्ही कुजबुजायला लागला. वीज गेल्यावर मी पीं पीं करून ओरडायचो, तर सूनबाईने बटण दाबून धरून माझाही आवाज बंद केला. "बाबांना त्रास नको." ती एका दवाखान्यात परिचारिका आहे, शांततेचं तिला भारी कौतुक. बाबांना कोणी विचारलं नाही. त्यांनी एकदा पाटीवर लिहिलं, "मुका मी झालोय. तुम्ही का?" सगळे हसले. बेल परत कोणी लावली नाही.

माझी बॅटरी म्हातारी झाली, तसा तोंडावरचा नारिंगी दिवा लागला. त्याचा अर्थ एकच, बॅटरी बदला. आठ महिने तो जळतोय. चिमणीने त्याच्यावर फुलपाखराचा स्टिकर लावला. मोठ्यांनी तो पाहिला, "गोड आहे" म्हणाले आणि कपाट लावून घेतलं. धोक्याचा दिवा दिसेनासा झाला की माणसांना धोकाच टळल्यासारखा वाटतो. हे मी कचेरीतही पाहिलं होतं.

वर आणखी एक रीत पडली. वीज गेली की मागच्या खोलीत जाऊन बसायचं, कारण तिथला टेबलपंखा चालू राहतो. का राहतो? तर तो माझ्या पाठीत खुपसलाय म्हणून. अकरा मिनिटांचा मी, पंख्यासकट पाचावर आलो. हिशेब कोणी केला नाही. वाऱ्याला मात्र सगळे बसले.

एका महिन्यापूर्वी कोणीतरी करडी वायर काढली. हात मागून आला. माझे दिवे पुढे आहेत, मला पाठीमागचं दिसत नाही. तिकडचं टोक सुटलं, मग माझ्याकडचं, आणि वायर सरपटत कपाटाबाहेर गेली. इतकं मला नक्की ठाऊक आहे. त्यापुढचं मी सांगू शकत नाही आणि ज्याला सांगता येईल तो सांगत नाही.

आता त्या दुपारकडे येतो. सर्व्हरची जुनी डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा कुठे मुलाला जाग आली. त्या सकाळी त्याने नवी डिस्क लावली, प्रत सुरू केली आणि कामावर गेला. सूनबाई दवाखान्यात, चिमणी शाळेत. दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली तेव्हा आजोबांचा आवाज अर्धा इकडे, अर्धा तिकडे होता. मधेच तुटला असता, तर आजारी डिस्क परत उठलीच असती याची खात्री नव्हती.

आजोबा खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसले होते. भर दुपार, दिवा बंद, पंखा चालू. वीज गेल्याचं त्यांना कळायचं कारणच नव्हतं. मला ओरडायला बंदी. वायर नाही. माझ्याकडे उरला होता फक्त एक आवाज. भार अंगावर घेताना आतून येणारा टक्.

तो त्यांनी ऐकला. एकतीस वर्षं माइकच्या बटणाचा टक् ऐकलेला कान तो. त्यांनी दिव्याचं बटण दाबून पाहिलं, दिवा लागेना. कपाट उघडलं. दाराच्या आत मुलाने चिकटवलेला कागद होता. "वीज गेल्यास बाकीचे प्लग काढा. सर्व्हरचं बटण एकदाच दाबून सोडा. दाबून धरू नका. निळा दिवा लुकलुकेल. विझेपर्यंत थांबा."

त्यांनी पंख्याचा प्लग ओढला. खोलीत घामाची भट्टी झाली, पण माझ्या खांद्यावरचं ओझं निम्मं उतरलं. बटण एकदा दाबलं. मग मुलाला संदेश पाठवला, "वीज गेली." मुलाने गडबडीत फोनच केला.

"बाबा, बोला! हॅलो? अरे देवा... थांबा. फोनवर टकटक करा. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बटण दाबलं?"

टक.

"दाबून नाही ना धरलं?"

टक टक. जोरात.

"बरं बरं, चिडू नका. निळा दिवा लुकलुकतोय?"

टक.

"मग आता काही करू नका. काही म्हणजे काही नाही. पण बाबा, तो आपोआप का नाही बंद झाला? वायर लावलेली आहे ना?"

आजोबा गुडघ्यावर हात देऊन वाकले. माझ्या पाठीमागे हात घालून चाचपडले. रिकामं भोक बोटाला लागलं. त्यांनी फोनवर तीनदा टकटक केली. तीनचा अर्थ ठरलेला नव्हता, पण मुलाला कळला असावा. 

मग दोघेही थांबले. लिफ्टचं बटण चारचारदा दाबणारी माणसं मी पाहिली आहेत. इथे दुसऱ्यांदा दाबलं असतं तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. आजोबांनी हात मांडीखाली दाबून धरले आणि दिव्याकडे पाहत बसले. उशिरा येणाऱ्या गाड्यांची घोषणा करत ज्याचं आयुष्य गेलं, त्यालाच असं थांबता येतं. दोन वाजून सतरा मिनिटांनी निळा दिवा विझला. माझ्यात तेव्हा फार तर अर्ध्या मिनिटाची वीज उरली असेल.

चार वाजता वीज आली. संध्याकाळी मुलाने सर्व्हर चालू केला. राहिलेली प्रत पूर्ण झाली. एकशे बाराच्या एकशे बारा. चिमणीने एक तुकडा लावला आणि खोलीत आवाज घुमला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे." आजोबांनी मान खाली घातली, मग पाटी घेतली.

"वायर कोणी काढली?"

"निघाली असेल," मुलगा म्हणाला. निघाली! वायरीला पाय फुटले होते का?

"मी त्या कपाटाला हातसुद्धा लावत नाही," सूनबाई म्हणाली.

मागच्या महिन्यात येऊन गेलेल्या वायरमनला फोन लावला. "आजोबांना सांगा, माझं काम भिंतीपर्यंत. भिंतीच्या पुढचं मला विचारू नका."

चिमणी म्हणाली, "मला भूक लागली." चौकशी तिथे संपली. सकाळी पाटी पुसलेली होती.

माझं फार काही मागणं नाही. फुलपाखरू काढा. बॅटरी बदला. पंखा दुसरीकडे लावा. मला ओरडू द्या, आजोबांची हरकत नाही. पुढच्या वेळी माझ्याकडे सात मिनिटं नसतील आणि खुर्चीत कदाचित कोणीच नसेल.

आज तेरा दिवस झाले. हॉलमध्ये प्रिंटर चालू असला की मला कपाटात ऐकू येतो. त्यालाही माझ्यासारखीच वायर लागते. ती खराब झाली म्हणून तो कित्येक आठवडे बंद पडून होता. महिनाभर झाला, छान चालतोय. मुलगा त्यावर छापखान्याचे नमुने काढतो, सूनबाई दवाखान्याचे तक्ते, चिमणी रंगवायची चित्रं आणि आजोबा रोजचं शब्दकोडं. त्याला नवी वायर कोणी आणली, हे या घरात अजून कोणीही कोणाला विचारलेलं नाही.